घरामागच्या मोकळ्या जागेत कमी खर्चात फरसबंदी: पैसा कुठे घालावा आणि कुठे वाचवावा?

परसदार यांचा प्रश्न

घराच्या मागच्या भिंतीलगत बसण्यासाठी छोटा पॅटिओ करण्याचा विचार आहे. जागा भिंतीला समांतर १२ फूट आणि भिंतीपासून बाहेर १० फूट मिळू शकते. तिथे एक टेबल, चार खुर्च्या आणि कडेला काही कुंड्या एवढेच ठेवायचे आहे. वाहन कधीही चढणार नाही. माती काळी आणि चिकट आहे, मोठा पाऊस झाला की भिंतीजवळ बराच वेळ पाणी साचून राहते आणि कोरड्या दिवसांत त्याच जागी भेगा पडतात. मागच्या दाराचा उंबरठा जमिनीपासून सुमारे १० इंच उंच आहे.

हाताशी रक्कम बेताचीच आहे, म्हणून अंगमेहनतीचे काम घरातली आम्ही दोन माणसेच करणार आहोत. एका गवंड्याने असे सुचवले की माती नीट चोपून त्यावर वाळू पसरावी आणि थेट पेव्हर ब्लॉक बसवावेत, म्हणजे खोदाईचा आणि खडीचा खर्च पूर्ण वाचेल. हे ऐकायला सोयीचे वाटते, पण मनाला पटत नाही. खोदाई खरोखर किती लागते, पेव्हर, काँक्रीट आणि जुन्या विटा यांपैकी काय परवडेल, आणि कोणत्या गोष्टीत काटकसर अजिबात करू नये, याबद्दल अनुभवी मंडळींनी मार्गदर्शन करावे.

धुमस यांचे उत्तर

आपल्याला जे पटले नाही ते न पटण्यासारखेच आहे. काळी माती पाणी प्यायली की फुगते आणि वाळली की आकसते. तिच्यावर केवळ वाळू घालून बसवलेले ब्लॉक पहिल्या पावसाळ्यातच खालीवर होतील आणि टेबलाचे चारही पाय एका वेळी कधी टेकणार नाहीत. अशा कामात दिसणाऱ्या फरशीपेक्षा न दिसणारा पाया महत्त्वाचा असतो, त्यामुळे पैसे कमी असतील तर ब्लॉक साधे घ्यावेत, क्षेत्रफळ कमी करावे, पण खडीचा थर कमी करू नये.

केवळ माणसांच्या वावरासाठी चांगल्या मातीवर ४ इंच दाबलेली खडी पुरते. आपल्या मातीवर ६ इंच धरावी. त्यावर १ इंच वाळू आणि सुमारे अडीच इंच जाडीचा (६० मि.मी.) ब्लॉक, म्हणजे फरशी जमिनीच्या किंचित वर ठेवायची असेल तर खोदाई ९ इंच होते. भिंतीची बाजू सोडून उरलेल्या तिन्ही बाजूंना खड्डा अर्धा फूट जास्त घ्यावा, कारण कडेच्या ब्लॉकखालचा पाया कडेबरोबरच संपला तर कड ढासळते. या मापाने माती सुमारे १०० घनफूट निघेल आणि उकरल्यावर ती फुगत असल्याने प्रत्यक्षात सव्वा ब्रासच्या (एक ब्रास म्हणजे १०० घनफूट) आसपास भरेल. ही माती कुठे टाकायची हे खोदण्याआधी ठरवावे. अनेकांच्या अंदाजपत्रकात हा खर्च नसतोच. कुंपणाकडचे वाफे उंच करायला ती उपयोगी पडेल, मात्र घराच्या भिंतीला ती चुकूनही लावू नये.

खडी घेताना गोल गोटे घेऊ नयेत. गोटे एकमेकांवरून घसरत राहतात, तर क्रशरवर फोडलेली टोकदार खडी एकमेकांत अडकून बसते. त्यातही एकाच आकाराची खडी नको, २० मि.मी.पासून कचीपर्यंत (खडी फोडताना निघणारा बारीक चुरा) सर्व आकार मिसळलेला माल मागावा, म्हणजे मोठ्या दगडांमधल्या पोकळ्या बारीक कचीने भरून निघतात. दाबल्यावर थर बसतो, म्हणून हिशेबाने येणाऱ्या ६८ घनफुटांवर पाव हिस्सा वाढवून सुमारे ८५ घनफूट माल घ्यावा. टणक मुरूम स्वस्त मिळत असेल तर खालच्या अर्ध्या भागात तो चालतो, परंतु ओला केल्यावर बोटांना चिकटणारा मातकट मुरूम घेतला तर पुन्हा मातीवरच बांधल्यासारखे होईल.

सगळी खडी एकदम टाकून वरून ठोकण्यात अर्थ नाही, कारण खालचा भाग पोकळच राहतो. हाताच्या धुमसाने ठोकणार असाल तर दोन-दोन इंचांचे थर करावेत. प्लेट कॉम्पॅक्टर (थरथरत्या पत्र्याने थर दाबणारे यंत्र) भाड्याने मिळाला तर तीन इंचांचा थर चालेल. माल किंचित ओलसर हवा: कोरडा असेल तर तो बसत नाही, चिखल झाला तर धुमसाखाली थलथलतो. काळी माती आणि खडी यांच्यामध्ये जिओटेक्स्टाइलचे कापड (पाणी जाऊ देणारे, पण माती अडवणारे) घालावे, म्हणजे खडी हळूहळू मातीत रुतत नाही. त्याऐवजी प्लास्टिकचा कागद वापरण्याचा मोह टाळावा, कारण तो पाणी अडवून ठेवतो.

आता उतार. भिंतीपासून बाहेरच्या दिशेने ६० फुटांना १ फूट या प्रमाणात उतार ठेवला तर १० फुटांत २ इंच पडतात. तो चालताना जाणवत नाही आणि पाणीही थांबत नाही. हा उतार खड्ड्याच्या तळापासूनच द्यायचा असतो. तळ सपाट ठेवून वाळूच्या जाडीत उतार काढला तर वाळू जिथे जाड तिथे पुढे खचते, शिवाय चिकट मातीतला सपाट तळ परातीसारखा पाणी धरून बसतो. भिंतीजवळ फरशीची पातळी जोत्यावरच्या डीपीसीच्या (भिंतीत ओल चढू न देणाऱ्या) थरापेक्षा किमान ६ इंच खाली राहील हे पाहावे, अन्यथा उडालेले पाणी भिंतीत चढते.

आखणीसाठी महागडे उपकरण लागत नाही. खुंट्या, सुताची दोरी आणि पाणी भरलेली पारदर्शक नळी पुरते. नळीत हवेचे बुडबुडे नाहीत एवढी खात्री करावी. चारही कोन काटकोनात आहेत की नाही ते दोन्ही कर्ण मोजून कळते. आपल्या मापाला ते प्रत्येकी सुमारे १५ फूट साडेसात इंच यायला हवेत.

कोबेकर यांचे उत्तर

वरील पायाबद्दल मतभेद नाही, परंतु काँक्रीटचा विचार इतक्या लवकर सोडू नये असे वाटते. ४ इंच जाडीला १२० चौरस फुटांसाठी ४० घनफूट काँक्रीट लागते आणि १:१.५:३ (सिमेंट, वाळू, खडी) या प्रमाणाला ५० किलोची सिमेंटची सुमारे नऊ पोती पुरतात; अनेकदा एवढा खर्च ब्लॉकपेक्षा कमी येतो, आणि कडा अडवण्याचा व सांध्यांतून गवत उगवण्याचा प्रश्न राहत नाही.

अट एवढीच की काँक्रीटला तडा जाणारच हे गृहीत धरून तो कुठे जावा हे आपण ठरवावे. पूर्ण जागा एकसंध न ओतता ५ गुणिले ६ फुटांचे चार चौकोन करावेत. समोरासमोरच्या कोपऱ्यांतले दोन आधी आणि उरलेले दोन नंतर ओतले, तर दोन माणसांना हाताने मिसळूनही काम आटोक्यात राहते. घराच्या भिंतीशी काँक्रीट चिकटू देऊ नये. मध्ये अर्ध्या इंचाची फोमची पट्टी सोडावी. ओतल्यानंतर किमान सात दिवस पृष्ठभाग ओला ठेवावा, भिजवलेले तरट अंथरले तर पाणीही कमी लागते. मिश्रण पसरायला सोपे जावे म्हणून वरून पाणी ओतत राहणे ही सर्वांत वाईट काटकसर होय, कारण तेवढ्याने पृष्ठभाग कमजोर होऊन पुढे त्याची भुकटी सुटते.

पायरी यांचे उत्तर

काँक्रीटविषयीचा हिशेब बरोबर आहे, तरी फुगणाऱ्या काळ्या मातीवर आणि स्वतः काम करणाऱ्यांसाठी मी सुट्या ब्लॉककडेच झुकेन. एखादी जागा खचली तर चार ब्लॉक उचलून वाळू भरून पुन्हा बसवता येतात, आणि खालून जाणारी पाण्याची नळी कधी फुटली तर सगळे फोडावे लागत नाही.

पैसे एकदम उभे राहत नसतील तर काम दोन टप्प्यांत करता येते, याचा उल्लेख वर आला नाही. आत्ता खोदाई, पाया आणि कडा पूर्ण करून वर दीड-दोन इंच बारीक खडी पसरावी. त्यावर लगेच बसता येते. खुर्च्यांचे बारीक पाय रुततात म्हणून खाली फळीचे तुकडे ठेवावे लागतात, एवढीच अडचण. दरम्यान पाया कुठे बसतो, पाणी कुठून वाहते हे दिसते आणि ब्लॉक घेईपर्यंत त्या चुका फुकटात दुरुस्त होतात.

जुन्या विटा मात्र पारखून घ्याव्यात. भिंतीच्या आतल्या भागातली, कमी भाजलेली वीट जमिनीवर ओलाव्यात टिकत नाही, तिचे पापुद्रे सुटतात. दोन विटा एकमेकींवर आपटून खणखणीत आवाज येतो का ते पाहावे, मग एक वीट कोरडी तोलून चोवीस तास पाण्यात ठेवावी आणि पुन्हा तोलावी. वजन पाचव्या हिश्श्याहून अधिक वाढले तर ती बाजूला टाकावी.

परसदार यांचे पुढील प्रश्न

आपण सर्वांनी एवढ्या बारकाईने लिहिले याबद्दल आभारी आहे. दोन टप्प्यांची कल्पना आम्हाला सोयीची वाटते. दोन शंका उरतात. कडा कशाने अडवाव्यात, आणि नियोजित जागेच्या एका कोपऱ्यात सांडपाण्याचे चेंबर येते आहे, त्यावर ब्लॉक बसवून ते झाकले तर चालेल का?

धुमस यांचे उत्तर

चेंबर झाकू नये. त्याच्या झाकणाची चौकट फरशीच्या पातळीपर्यंत वर उचलून घ्यावी किंवा जागाच तेवढी सरकवावी. चार फुटांच्या टेबलाला मागे सरकणाऱ्या खुर्चीसाठी दोन्ही बाजूंना तीन-तीन फूट धरले तरी १० बाय १० फुटांत भागते. चेंबरच्या बाजूने १२ फुटांतले दोन फूट सोडून दिले तर खर्चही सहाव्या हिश्श्याने उतरेल.

कडेसाठी ब्लॉकची शेवटची ओळ काँक्रीटच्या पट्ट्यावर बसवून बाहेरच्या बाजूने काँक्रीटचा तिरपा आधार द्यावा. तो ब्लॉकच्या अर्ध्या उंचीपर्यंतच ठेवला तर वर माती घालून गवत लावता येते. बाहेरच्या, म्हणजे उताराच्या कडेला या पट्ट्यात जागोजागी भोके ठेवावीत आणि पलीकडे फूटभर रुंद खडीचा चर काढावा, कारण खडीच्या पायात मुरलेल्या पाण्यालाही बाहेर पडायला वाट हवी. मात्र कड पक्की करण्याआधी ब्लॉकची एक आडवी आणि एक उभी ओळ कोरडी मांडून पाहावी व मापे दोन-चार इंचांनी इकडेतिकडे करावीत, म्हणजे कापाकापी आणि कटरचे भाडे दोन्ही बऱ्याच अंशी टळेल.

वाळूबद्दल एक गोष्ट राहिली. ब्लॉकखाली गिलाव्याची बारीक वाळू किंवा नुसती कच नको. धुतलेली जाड वाळू हवी. एक इंच जाडीचे दोन पाइप खडीच्या पायावर ठेवून मध्ये वाळू भरावी, सरळ फळी पाइपांवरून ओढावी, पाइप काढून त्यांच्या खाचा भराव्यात आणि त्या वाळूवर पाय न देता, बसवलेल्या ब्लॉकवर बसून पुढे सरकावे. सांध्यांत मात्र बारीक आणि पूर्ण कोरडी वाळू झाडूने भरायची, ब्लॉकवर फळी ठेवून ठोकायचे आणि वाळू खाली बसली की पुन्हा भरायची.

पायरी यांचे उत्तर

दाराचा उंबरठा १० इंच उंच असल्याचे आपण सुरुवातीला लिहिले आहे. एवढी उंची उतरताना, विशेषतः वयस्कर माणसांना, अवघड जाते. उरलेल्या ब्लॉकमधून पाच इंचांची एक पायरी करावी, तिची रुंदी किमान फूटभर आणि लांबी दारापेक्षा दोन्ही बाजूंनी थोडी जास्त ठेवावी. पायरीचे ब्लॉक वाळूवर न ठेवता सिमेंटमध्येच बसवावेत आणि ब्लॉकची मागणी नोंदवतानाच हे नग त्यात धरावेत, कारण नंतर घेतलेल्या मालाचा रंग बहुधा जुळत नाही.