पगारवाढ झेपत नसेल तर कामगार टिकवायचा कसा?

शिलाईवाला:
सोलापूरच्या पूर्व भागात शाळेच्या गणवेशाचं छोटं युनिट आहे. बारा मशिनी, बहुतेक बायका, सगळ्या पीस रेटवर, म्हणजे जेवढे नग शिवले तेवढे पैसे. फेब्रुवारी ते जून सीझन. नेमकं तेव्हाच शेजारचा मालक पीसमागं आठ आणे जास्त देतो आणि बाई मशिन सोडून जाते. मला आठ आणे वाढवणं झेपत नाही, व्यापाऱ्याशी भाव आधीच ठरलेला असतो.
माझं मत असं की पैशापेक्षा वेळेची सवलत माणूस धरून ठेवते. आपल्याकडं नळाला पाणी चार-पाच दिवसांआड. ज्या गल्लीत पाणी, तिथल्या बाईनं भरून, धुणं उरकून अकराला यावं, मी विचारत नाही. आणि पगार शनिवारी म्हणजे शनिवारीच, व्यापाऱ्यानं पैसे दिलेले असोत वा नसोत. एवढ्यावर बायका टिकल्यात. खर्च शून्य. तुम्हाला काय वाटतं?

हजेरीपट:
शनिवारचं मान्य. पण खर्च शून्य तुमचा आहे शेठ, तिचा नाही. पीस रेटवरची बाई दोन तास उशिरा आली की त्या दोन तासांत शर्टाला जेवढ्या कॉलरी बसल्या असत्या तेवढे पैसे तिचेच गेले. तुम्ही फक्त बोलला नाहीत, एवढंच. खरी सवलत द्यायची तर उलटं बघा. कटिंगचा गठ्ठा आला नाही, मॅचिंग धागा संपला, लाईट गेली, की बाई मशिनवर हात बांधून बसते. त्या तासाचे पैसे कोण देतं?

शिलाईवाला:
लाईट माझ्या हातात आहे का ओ?

हजेरीपट:
कटिंग तर आहे की.

टॉवेलवाला:
दोघांचंही पटत नाही. कारागीर रेट बघतो, बाकी सगळं बोलायचं. आमच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत एकानं ‘महिन्याचा उत्तम कामगार’ काढला होता, भिंतीवर फोटो, हार, टाळ्या. पुढच्या महिन्यात ज्याचा नंबर लागला तो म्हणाला, फोटो राहू द्या, फ्रेमचे पैसे हातात द्या. उरलेले आपसात भांडले ते वेगळंच. रेट द्या, नाहीतर माणूस जाणार हे धरून चाला.

हिशेबनीस:
नव्या युक्त्या शोधण्याआधी कायद्यानं देणं लागतं ते तरी द्या. दहा माणसं झाली आणि पगार 21,000 च्या आत असला की ईएसआय, म्हणजे सरकारी कामगार विमा, लागू. मालकाचे 3.25 टक्के, कामगाराचे 0.75. म्हणजे 10,000 पगारावर तुमचे 325 आणि तिचे 75. त्यात तिच्याबरोबर घरच्यांचाही इलाज. बाळंतपणाची रजा पगारी मिळते हे कळल्यावर तरणी बाई आठ आण्यांसाठी ईएसआय नसलेल्या ठिकाणी जाताना दोनदा विचार करते. वीस माणसांपासून पीएफ आणि 8.33 टक्के बोनसही आला. कित्येकांचा हजेरीपट 19 वर का थांबतो, हे इथं कुणाला सांगायला नको.

टॉवेलवाला:
ईएसआय नको, ते 75 पण हातात द्या म्हणणारे निम्मे असतात साहेब.

हिशेबनीस:
असतात. घरात पहिलं ऑपरेशन निघेपर्यंत.

काजबटण:
माझी आई याच लाईनीत आहे, म्हणून लिहिते. रेट, ईएसआय सगळं बरोबर, पण तिचं बोलणं ऐकलं तर अर्धं उचलीबद्दल असतं. गड्ड्याच्या जत्रेआधी किंवा जूनमध्ये फीसाठी उचल मागितली की मालक वही काढतो आणि सगळ्यांसमोर मागची बाकी मोठ्यानं वाचतो. आधीचा मालक कोपऱ्यात बोलवून द्यायचा, आठवड्याला थोडी थोडी कापायचा. पैसे तेवढेच. आई त्याच्याकडं रविवारीसुद्धा जायची.

हजेरीपट:
ताई, आईंचा अनुभव खरा असेल, पण उचल ही मालकाची दोरी आहे. बाकी फिटेपर्यंत जास्त रेटच्या ठिकाणी जाता येत नाही. याला टिकणं म्हणायचं का?

काजबटण:
दोरी मान्य. पण फी भरायला बँक आम्हाला देते का? निदान वही हळू वाचा, एवढंच म्हणते मी.

शिलाईवाला:
ईएसआय आहे आमच्याकडं. वही मीही सगळ्यांसमोरच उघडतो, ते बंद करता येईल. कटिंग आदल्या संध्याकाळी उरकून ठेवायला मास्तरला सांगतो. तरी माल अडला तर बसल्या तासाला वीस रुपये धरू?

हजेरीपट:
वीस? निदान हेल्परचा तासाचा दर धरा शेठ.

शिलाईवाला:
हेल्परचा दर लाईट गेल्यावर पण?

हजेरीपट:
लाईटला अर्धा. कटिंगला पुरा.