निरनिराळ्या बौद्ध परंपरांची विहारे आणि ध्यानकेंद्रे कशी शोधावीत?

मांजराकाठ:

सर्वांना जय भीम, नमो बुद्धाय.

माझ्या आजोबांनी १९५६ साली नागपूरला धम्मदीक्षा घेतली. तेव्हापासून त्रिशरण-पंचशील, पौर्णिमेची वंदना आणि वर्षावासात, म्हणजे पावसाळ्याच्या तीन महिन्यांत, विहारात होणारे ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचे वाचन हा आमच्या घरचा धम्म आहे आणि तो मला मनापासून प्रिय आहे. आता आईला आणि मला ध्यान कोणाच्या तरी मार्गदर्शनाखाली नीट शिकावेसे वाटते. शिवाय थेरवादी (श्रीलंका, ब्रह्मदेश इकडची जुनी पाली परंपरा), तिबेटी, जपानी परंपरांचे लोक प्रत्यक्षात काय करतात, हे त्यांच्यात बसून पाहण्याची इच्छा आहे.

अडचण अशी की, आम्ही लातूरला राहतो आणि इथे विचारायला फारसे कोणी नाही. मोबाइलच्या नकाशावर शोधले तर गल्लीतले समाजमंदिर, बागेतला पुतळा, लेणी आणि योगाचे वर्ग हे सगळे एकाच यादीत येते. कोणते ठिकाण कोणत्या परंपरेचे आहे, तिथे बाहेरच्या माणसाला बसू देतात का, राहण्याची सोय आहे का, याचा काहीच उलगडा होत नाही. आईने सत्तरी ओलांडली आहे, तिला मांडी घालून फार वेळ बसवत नाही आणि इंग्रजी कळत नाही. आमच्या विहारातल्या एका ज्येष्ठ उपासकांनी मात्र, बाबासाहेबांनी मार्ग दाखवलेला असताना दुसरीकडे कशाला जायचे, असे विचारले आणि मला त्यांना नीट उत्तर देता आले नाही. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

इंद्रायणी:

ताई, नमो बुद्धाय. ठिकाण शोधण्याआधी आपल्याला तिथे काय करायचे आहे, हे ठरवावे असे मी सुचवेन, कारण वंदनेचे विहार, ध्यानाचे केंद्र आणि अभ्यासाचा मठ ही तीन वेगळी कामे आहेत आणि ती एकाच छपराखाली क्वचितच असतात. बहुतेकांची निराशा इथेच होते.

ध्यानासाठी महाराष्ट्रात पहिले नाव निघते ते विपश्यनेचे. ब्रह्मदेशातील सयाजी ऊ बा खिन यांच्याकडून ही साधना शिकलेले सत्यनारायण गोयंका १९६९ साली भारतात आले आणि पुढे इगतपुरीचे धम्मगिरी उभे राहिले. आता पुण्याजवळ मरकळला, नागपूर, छत्रपती संभाजीनगर (औरंगाबाद), धुळे, कोल्हापूर या भागांतही केंद्रे आहेत. पहिले शिबिर दहा दिवसांचेच असते. पहाटे चारला घंटा होते, साडेचारला साधना सुरू होते आणि रात्री नऊपर्यंत दिवस चालतो. सुरुवातीचे तीन दिवस फक्त आनापान, म्हणजे नाकाशी येणाऱ्या-जाणाऱ्या श्वासाकडे पाहणे, आणि चौथ्या दिवसापासून शरीरावरील संवेदना पाहण्याची विपश्यना. दहाव्या दिवसापर्यंत आर्य मौन पाळावे लागते आणि मोबाइल जमा करावा लागतो. नव्या साधकांना संध्याकाळी पाच वाजता चहा-फळे मिळतात. रात्रीचे जेवण नसते. शुल्क घेत नाहीत आणि दानही ज्याने शिबिर पूर्ण केले आहे त्याच्याकडूनच स्वीकारतात. नावनोंदणी आधी ऑनलाइन करावी लागते आणि सुट्ट्यांच्या दिवसांत जागा लवकर भरतात.

दोन गोष्टी आधीच माहीत असाव्यात. या दहा दिवसांत आपली नेहमीची वंदना, पठण, जप हे सारे बाजूला ठेवण्याची अट असते, म्हणून रोज त्रिशरण म्हणणाऱ्या आईंना हे आधी समजावून सांगावे, नाहीतर तिथे गेल्यावर त्यांना ते लागेल. दुसरे म्हणजे, अर्जात प्रकृतीची माहिती विचारतात, विशेषतः मानसिक आजार आणि औषधे यांची. ती काहीही न लपवता लिहावी. वयस्करांना खुर्ची मिळते. मार्गदर्शन मुख्यतः हिंदी आणि इंग्रजीत असते.

तरीही आपल्या आईंनी एकदम दहा दिवसांपासून सुरुवात करू नये, असे मला वाटते. त्यांच्यासाठी त्रिरत्न बौद्ध महासंघाचे धम्मवर्ग अधिक सोयीचे होतील. मूळचे इंग्रज असलेले भिक्खू संघरक्षित यांनी स्थापन केलेला हा संघ महाराष्ट्रात अनेक वर्षे त्रैलोक्य बौद्ध महासंघ सहायक गण या नावाने ओळखला जात होता. २०१० साली नाव बदलले, पण जुनी माणसे अजूनही जुनेच नाव घेतात, त्यामुळे शोधताना दोन्ही नावांनी विचारावे. इथे आनापानसती आणि मैत्री भावना या दोन ध्यानपद्धती मराठीतून शिकवतात, वंदना असते, ध्यानानंतर चर्चाही होते. पुण्यात दापोडीचे महाविहार आणि लोणावळ्याच्या अलीकडे भाजे लेण्यांच्या परिसरातले शिबिर केंद्र ही त्यांची प्रमुख ठिकाणे आहेत. मैत्री भावनेत आधी स्वतःविषयी, मग मित्राविषयी, मग ओळखीपुरत्या माणसाविषयी आणि मग ज्याच्याशी आपले पटत नाही त्याच्याविषयी मंगल भाव जागवायचा आणि शेवटी तो सर्वांपर्यंत पसरवायचा असतो. माझ्या पाहण्यात घरात तीन पिढ्या एकत्र राहणाऱ्या बायकांना ही साधना लगेच आपलीशी वाटते.

संत्रानगरी:

जय भीम ताई. आपल्या विहारातल्या ज्येष्ठांच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण हा प्रश्न आस्थेतून आलेला आहे आणि तो टाळू नये.

बाबासाहेबांनी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी दीक्षा घेतली ती भदन्त चंद्रमणी महास्थविरांकडून, आणि ते मूळचे ब्रह्मदेशातील आराकानचे, कुशीनगरला राहणारे थेरवादी भिक्खू होते. त्याआधी बाबासाहेब १९५० साली श्रीलंकेला आणि १९५४ साली रंगूनला जागतिक बौद्ध परिषदांना गेले होते आणि दीक्षेनंतर महिनाभरातच, प्रकृती खालावलेली असताना, काठमांडूच्या परिषदेला गेले. इतर देशांतील बौद्ध कसे जगतात हे त्यांनी स्वतः जाऊन पाहिले, त्यांतले जे पटले नाही त्यावर टीका केली आणि मगच आपल्या समाजासाठी बावीस प्रतिज्ञांसह मार्ग आखून दिला. म्हणून आपणही जावे, पाहावे, प्रश्न विचारावेत. ज्येष्ठांची खरी काळजी, ध्यानाच्या नादात सामाजिक समतेचा विचार मागे पडेल ही असेल, तर ती रास्त आहे. डोळे मिटून बसल्याने जात जात नाही. मात्र ध्यानाने मन खंबीर झालेला कार्यकर्ता लवकर खचत नाही, हेही मी जवळून पाहिले आहे.

आता ठिकाणांविषयी. निरनिराळ्या परंपरा एकाच प्रवासात पाहायच्या असतील तर नागपूरला या. दीक्षाभूमीचा स्तूप सांचीच्या धर्तीवर आहे आणि आतून पोकळ आहे. घुमटाखाली शांतपणे बसता येते. फक्त विजयादशमी आणि १४ ऑक्टोबर हे दिवस ध्यानासाठी टाळावेत, कारण त्या वेळी लाखोंचा समुदाय असतो. तो अनुभव अवश्य घ्यावा, पण त्यासाठी वेगळे यावे. कामठी रस्त्यावर भिलगावला नागलोक आहे, जिथे चालत्या बुद्धांची उंच मूर्ती आहे आणि अनेक राज्यांतून आलेली मुले-मुली निवासी राहून धम्माचा अभ्यास करतात. तिथल्या सकाळच्या ध्यानात बसू देण्याची विनंती आधी फोन करून करावी. पुढे कामठीला ड्रॅगन पॅलेस हे बुद्धविहार आहे. १९९९ साली जपानी साहाय्याने बांधलेल्या या पांढऱ्याशुभ्र वास्तूत मोठा आवाज अजिबात चालत नाही आणि परिसरात २०१७ पासून विपश्यनेचे केंद्रही आहे. ही तिन्ही ठिकाणे एका दिवसात उरकू नका.

एखाद्या अनोळखी विहारात गेल्यावर परंपरा कशी ओळखावी, हेही आपण विचारले आहे. फलकावरून बहुधा कळत नाही. पठण ऐकावे: ‘नमो तस्स भगवतो अरहतो सम्मासम्बुद्धस्स’ असे पाली ऐकू आले तर थेरवादाशी नाते आहे. चीवर, म्हणजे भिक्खूंचे वस्त्र, पाहावे: थेरवादी भिक्खूंचे भगवे किंवा कावेच्या रंगाचे असते, तिबेटी भिक्खूंचे गडद लाल. मूर्ती पाहाव्यात: एकच बुद्धमूर्ती आहे की तिबेटी विहारात असतात तशा शेजारी तारा, अवलोकितेश्वर, मंजुश्री यांच्याही मूर्ती आहेत. आणि सरळ विचारावे. कोणत्याही विहारात या प्रश्नाचा राग मानत नाहीत.

वरळीनाका:

मुंबईला येणे झाले तर वरळीला ॲनी बेझंट रस्त्यावरचे निप्पोनझान म्योहोजी हे जपानी मंदिर अवश्य पाहावे. हे निचिरेन परंपरेचे आहे. सकाळ-संध्याकाळ ढोलाच्या ठेक्यावर ‘नामु म्योहो रेंगे क्यो’ हे सद्धर्मपुंडरीक सूत्राला वंदन करणारे शब्द पुन्हा पुन्हा म्हणतात आणि आलेल्या माणसाला त्यात सामील होता येते. मौन ध्यान इथे शिकवत नाहीत. त्यांची साधना म्हणजे हे पठणच. या संघाचे संस्थापक निचिदात्सु फुजी १९३३ साली वर्ध्याला गांधीजींना भेटले होते आणि आश्रमाच्या प्रार्थनेत हा मंत्र घेतला गेला.

गोराईच्या ग्लोबल पॅगोडाविषयी एक सूचना. आधाराच्या खांबांशिवाय उभा असलेला तो प्रचंड घुमट आतून पाहण्याची सर्वांनाच उत्सुकता असते, पण घुमटाखाली ध्यानाला बसण्याची मुभा दहा दिवसांचे शिबिर केलेल्यांनाच आहे. इतरांना तो काचेपलीकडून पाहता येतो आणि आनापानाचे छोटे सत्र करता येते. आईंना घेऊन बोरिवलीहून बोटीने जाणार असाल तर पावसाळा टाळावा.

मांजराकाठ:

सर्वांचे मनापासून आभार. ज्येष्ठांना चंद्रमणी महास्थविरांची माहिती वाचून दाखवली. ते आता स्वतःच नागपूरला बरोबर येतो म्हणत आहेत. धम्मवर्गाची चौकशी सुरू केली आहे. एकच प्रश्न राहतो, तिबेटी परंपरेचा. धरमशालेपर्यंत आईला नेणे शक्य दिसत नाही. जवळपास काही आहे का?

बेळगावी:

आहे, आणि शेजारच्या कर्नाटकातच आहे. हुबळीहून सुमारे पन्नास किलोमीटरवर मुंडगोड येथे १९६० च्या दशकात तिबेटी निर्वासितांची वसाहत झाली आणि तिबेटमधील गांदेन आणि द्रेपुंग ही पंधराव्या शतकारंभीची दोन महाविहारे तिथे नव्याने उभी राहिली. आपल्याला लातूरहून सोलापूर आणि तिथून रेल्वेने हुबळी हा मार्ग सोयीचा पडेल. पुढे बस मिळते. भारतीय नागरिकांना परवान्याची गरज नाही. परदेशी पाहुणे बरोबर असतील तर त्यांना मात्र संरक्षित क्षेत्राचा परवाना आधी काढावा लागतो. महाराष्ट्रातच हवे असेल तर गोंदिया जिल्ह्यात अर्जुनी मोरगाव तालुक्यातली नोरग्येलिंग ही तिबेटी वसाहत आहे. ती लहान आहे, पण नागपूरच्या प्रवासाला जोडता येईल.

मात्र मुंडगोडला कोणी ध्यान शिकवील ही अपेक्षा ठेवून जाऊ नये. ती विद्यापीठे आहेत. तिथे भिक्खू पंधरा-वीस वर्षे तर्कशास्त्र, प्रज्ञापारमिता सूत्रे, माध्यमक (शून्यतेचे तत्त्वज्ञान) आणि विनय (भिक्खूंचे नियम) यांचा अभ्यास करतात आणि त्या अभ्यासाचा गाभा म्हणजे वादविवाद. संध्याकाळी प्रांगणात जाऊन कडेला बसावे. एक भिक्खू जमिनीवर बसलेला असतो आणि दुसरा उभा राहून प्रश्न टाकतो. प्रश्न संपताना तो डावा पाय जोरात आपटतो आणि त्याच क्षणी उजवा तळहात डाव्या तळहातावर मारतो. बसलेल्याने तिथल्या तिथे उत्तर द्यायचे असते. अडखळला तर आजूबाजूचे हसतात, तोही हसतो आणि वाद पुढे चालू राहतो. भाषा तिबेटी असल्याने आपल्याला शब्द कळत नाहीत, पण नागार्जुन आणि धर्मकीर्ती या प्राचीन भारतीय बौद्ध आचार्यांचे विचार आजही इतक्या मोठ्या आवाजात तपासले जातात, हे पाहून मला भरून येते. आपल्याच देशातील नालंदेची परंपरा आपल्याकडे लोपली आणि या लोकांनी ती हिमालयापलीकडे जपून, निर्वासित होऊन, पुन्हा आपल्या दारात आणली.

सभागृहात शिरताना पादत्राणे बाहेर काढावीत, प्रदक्षिणा घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने घालावी आणि वेदीपुढच्या पाण्याच्या सात वाट्यांना हात लावू नये. छायाचित्रासाठी आधी विचारावे. लडाख, अरुणाचल, सिक्कीम इथून आलेल्या भिक्खूंना हिंदी येते, त्यामुळे आईंना बोलता येईल. राहायला मठांची अतिथिगृहे आहेत, तरी खोली आधी सांगून ठेवावी. लोसार, म्हणजे तिबेटी नववर्ष, फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास येते. त्या दिवसांत उत्सव दिसतो, पण नेहमीचे वर्ग आणि वादविवाद बंद असू शकतात. आपल्याला ते पाहायचे असतील तर निघण्यापूर्वी मठाच्या कार्यालयाला तारीख विचारूनच रेल्वेचे आरक्षण करावे.