पहिली सोलो आणि जेटच्या गोष्टी : कोल्हापूरकरांनो, तुमचे अनुभव लिहा

२६ सप्टेंबर २०२५ ला चंदीगडला हवाई दलाच्या मिग-२१ या लढाऊ विमानाला निरोप दिला तेव्हापासून आमच्या ग्रुपमध्ये दुसरा विषयच नाही. १९६३ ला आलेलं विमान, बासष्ट वर्षं चाललं, म्हणजे आजोबा, वडील आणि नातू तिघांनी एकाच जातीच्या विमानावर नोकरी केली अशी घरं असणार. आपल्या जिल्ह्यात गल्लीत एक तरी फौजी निघतोच, सैनिक टाकळीनं तर नावातच सैनिक घेतलाय, पण पायदळाच्या गोष्टी जेवढ्या ऐकायला मिळतात तेवढ्या हवाई दलाच्या मिळत नाहीत. त्यात पुन्हा हल्ली आपल्याकडची पोरंपोरी पायलट व्हायला बाहेर पडायला लागलीत. म्हणून हा धागा. पहिल्यांदा एकट्यानं विमान उडवलं असेल, म्हणजे सोलो केली असेल, मग ते सेसना असो, ग्लायडर असो की फायटर, तर लिहा. आणि जे खाली उभे होते त्यांनी जरूर लिहा, कारण माझ्या मते सोलोची अर्धी गोष्ट जमिनीवर घडते आणि ती कुणी विचारत नाही.

सुरुवात मी करतो. मी राजारामपुरीचा, ट्रेनिंग मात्र पठारावरच्या एका छोट्या धावपट्टीवर झालं. विमान सेसना १५२, दोन सीटचं, ११० हॉर्सपॉवर, दोघं बसले की खांद्याला खांदा लागतो. त्या दिवशी सकाळी वारा जवळजवळ नव्हता, विंडसॉक (वारा दाखवणारी कापडी नळी) खाली लोंबत होता, सरांनी दोनचार सर्किट, म्हणजे उडून धावपट्टीभोवती फेरी मारून परत उतरणं, बघितली, काही बोलले नाहीत, मग टॅक्सीवेवर, म्हणजे धावपट्टीकडं जाणाऱ्या रस्त्यावर, थांबायला सांगितलं आणि दार उघडून उतरले. उतरताना एकच काम केलं, आपल्या सीटचे बेल्ट आवळून बांधले. मोकळे राहिले तर ते कंट्रोलमध्ये अडकू शकतात म्हणून तसं करतात. म्हणाले, "एक सर्किट, नीट नाही वाटलं तर गो-अराउंड, घाई नाही." गो-अराउंड म्हणजे न उतरता परत वर जाऊन पुन्हा फेरी मारणं.

पुस्तकात वाचलेलं असतं पण अंगावर येतं तेव्हाच कळतं ते म्हणजे वजन. १५२ चं जास्तीत जास्त वजन ७५७ किलो, त्यातला सत्तरऐंशी किलोचा माणूस उतरला म्हणजे दहावा हिस्सा गेला, विमान धावपट्टी सोडतं ते उडीच मारतं. क्रॉसविंडला, म्हणजे फेरीतल्या पहिल्या वळणाला, वळेपर्यंत उंची नेहमीपेक्षा कितीतरी जास्त झालेली, हजार फुटाची सर्किट हाइट डाउनविंड, म्हणजे धावपट्टीला समांतर उलटी बाजू, सुरू व्हायच्या आतच आली. मी चेकलिस्ट मोठ्यानं म्हणत होतो, रोज सरांना ऐकवायची सवय. उजवीकडं बघितलं तर तिथनं एरवी न दिसणारा ऊस आणि कालवा पूर्ण दिसत होता. भीती नव्हती, खरं सांगतो, कामच इतकं असतं की भीतीला जागा नसते. फायनलला, म्हणजे धावपट्टीकडं सरळ उतरताना, साठ-पासष्ट नॉट्स (ताशी ११०-१२० किलोमीटर) धरले, फ्लेअर केला, म्हणजे टेकायच्या आधी नाक वर उचललं, तर विमान खाली बसेचना, हलकं असल्यामुळं तरंगत लांब गेलं, मी नाक तसंच धरून थांबलो आणि मग मागची चाकं टेकली. सगळं मिळून पाच-सात मिनिटं.

पहिल्या सोलोनंतरच्या रीतीप्रमाणं बादलीभर पाणी अंगावर पडलं, फोटो झाले, घरी फोन झाला, आई रडली. पण मला सर आठवतात. हातात वॉकीटॉकी, शर्ट पाठीला घामानं चिकटलेला, ऊन चढायच्या आधी. नंतर एकदा विचारलं तर म्हणाले की विद्यार्थी सोलोला गेला की जबाबदारी सगळी माझी आणि हातात कंट्रोल नाही, रेडिओवर पण शक्यतो बोलायचं नाही कारण बोललं की त्याचं लक्ष तुटतं. असे सोलो त्यांनी कितीतरी जणांचे सोडले असतील, आणि प्रत्येक वेळी तसंच उभं राहायचं. हे काम मला उडण्यापेक्षा अवघड वाटतं.

आता बाकीच्यांचं. आलेलं जसंच्या तसं ठेवलंय.

गडहिंग्लजहून, हवाई दलातले निवृत्त इंजिन फिटर :

राम राम मंडळी. मला लिवायची सवय नाही, नातू टाइप करतोय. खाली उभं राहणाऱ्यांनी लिहा म्हणलासा म्हणून लिहितोय. माझी काही वर्षं आसामात तेजपूरला गेली. तिथं मिगचं ट्रेनिंग युनिट होतं, मॉफ्टू म्हणायचे, नवीन फ्लाइंग ऑफिसर पोरं तिथं पहिल्यांदा मिग-२१ वर बसायची. वय काय तर बावीस-तेवीस. आधी दोन सीटच्या ट्रेनर विमानावर इन्स्ट्रक्टरबरोबर जायची, त्यात मागच्या इन्स्ट्रक्टरला पुढचं दिसतच नाही म्हणून त्याला पेरिस्कोप दिलेला असतो, वर काढायचा आणि त्यातनं धावपट्टी बघायची. मग एक दिवस एक सीटवाल्यात एकटा.

पायलट आला की आधी फॉर्म ७०० वर, म्हणजे विमानाच्या तपासणीच्या वहीवर, सही करतो. त्यात आमच्या सगळ्यांच्या सह्या आधीच झालेल्या असतात, इंजिनवाला, एअरफ्रेमवाला, इलेक्ट्रिकवाला, आर्मामेंटवाला. म्हणजे आम्ही लिहून दिलेलं असतं की हे विमान उडायला बरोबर हाय आणि तो लिहून देतो की मी विश्वास ठेवला. मग विमानाला फेरी मारून हात लावून बघतो. शिडी चढून आत बसला की आमचा माणूस वर जातो, पट्टे बांधायला मदत करतो, इजेक्शन सीटच्या (संकटात पायलटला बाहेर फेकणाऱ्या) सेफ्टी पिना काढून त्याच्या डोळ्यासमोर धरतो, त्यानं मोजून मान हलवली की खाली. सोलोच्या दिवशी त्या पोराचे डोळे काचेतनं दिसायचे. मी तरी दरवेळी अंगठा वर करताना मनात अंबाबाईचं नाव घेतलंय.

रीहीट, म्हणजे इंजिनाच्या मागं जादा इंधन जाळून मिळणारा जोर, लागला की छाती आतनं हलते, कानाला मफ असले तरी. विमान गेलं की आम्ही ट्रॉलीवर बसून राहायचो. कुणी बोलायचं नाही. बाकीची विमानं परत आली तर नंबर बघायची गरज नसायची, आपलं विमान लांबनं वळणावरनं ओळखू येतं. मिग उतरताना ताशी ३४० किलोमीटरच्या आसपास असतो, तुमच्या सेसनाच्या तिप्पट, तिकोनी पंख असल्यामुळं कमी वेगात उचलच राहत नाही. टेकला की शेपटीतली पॅराशूट उघडते, ती उघडलेली दिसली की श्वास सोडायचा. धावपट्टीच्या टोकाला तो पॅराशूट टाकून देतो आणि ती गोळा करून आणायला पोरं जातात, घडी घालून परत भरायची.

मिगला लोकांनी वाईट नावं ठेवली. अपघात झाले, पोरं गेली, ते खोटं नाही. पण किरणसारख्या ध्वनीपेक्षा कमी वेगाच्या ट्रेनरवरनं डायरेक्ट मिगवर उडी, मधी पायरीच नाही, हे किती वर्षं चाललं? मधली पायरी म्हणून हॉक ट्रेनर आलं २००८ ला. ही पायरी वीस वर्षं आधी पायजे होती, मी हे कुठंबी उभा राहून सांगीन.

इचलकरंजीची, आता पुण्यात :

माझी सोलो ग्लायडरवर, हडपसरच्या ग्लायडिंग सेंटरला. तिथं विंचनं, म्हणजे केबल गुंडाळणाऱ्या यंत्रानं, ओढतात, लांब केबल असते, सिग्नल दिला की काही सेकंदात नाक आकाशाकडं आणि तुम्ही पाठीवर पडल्यासारखे. वर गेल्यावर केबल सोडली की खटकन आवाज येतो आणि मग फक्त वारा. इंजिन नाही त्यामुळं गो-अराउंड हा प्रकारच नाही, उतरायचं ते एकदाच आणि बरोबर. मला गडहिंग्लजच्या काकांची गोष्ट वाचून सांगावंसं वाटलं की आमच्याकडं पंख धरून पळणारा माणूस असतो, ग्लायडरला एकच चाक, सुरुवातीला तोल त्याच्या हातात. माझ्या वेळेला ज्या दादांनी पंख धरला होता त्यांनी सोडताना काहीतरी म्हटलं, मला कळलं नाही, उतरल्यावर विचारलं तर म्हणाले "घार बघ". थोड्या अंतरावर घार फिरत होती, तिथं गरम हवा वर चढत होती हे त्यांना खालनं दिसलं होतं. मी आत शिरले आणि व्हेरिओचा, म्हणजे विमान वर चढतंय का खाली येतंय हे दाखवणाऱ्या यंत्राचा, काटा वर गेला. ती दोनचार मिनिटं जास्तीची मिळाली ती त्यांच्यामुळं.

गारगोटीहून, निवृत्त शिक्षक :

उडण्याचा अनुभव नाही पण आवाजाचा आहे. आमच्या भागात अधूनमधून ध्वनीपेक्षा वेगानं जाणाऱ्या विमानाचा मोठा धमाका होतो, काचा वाजतात, लोक घराबाहेर येतात. १९६७ चा कोयनेचा भूकंप ज्यांनी अनुभवला त्या पिढीला पहिली आठवण तीच येते. मी एकदा मुद्दाम बघितलं, हंड्यातलं पाणी हललं नव्हतं, आवाज वरनं आला होता आणि एकापाठोपाठ जोडून दोन ठोके होते. विमानाच्या नाकाची आणि शेपटीची अशा दाबाच्या दोन लाटा असतात त्यामुळं दोन. लोकांना वाटतं विमान ध्वनीचा वेग ओलांडतं त्या क्षणीच आवाज होतो, तसं नाही, ते जोवर त्या वेगानं चाललंय तोवर लाट मागनं जमिनीवरनं ओढली जाते, ज्या गावावरनं गेली त्या गावाला वाटतं आमच्याच डोक्यावर झालं. आणि आवाज आल्यावर वर बघून उपयोग नसतो, दहा किलोमीटर उंचीवरचं विमान तोवर कितीतरी पुढं गेलेलं असतं.

उजळाईवाडीहून :

आमचं रान कोल्हापूरच्या विमानतळाला लागून. राजाराम महाराजांनी १९३९ ला हे सुरू केलं, आणि तरी आमच्या लहानपणी तिथं दिवसच्या दिवस काही उतरायचं नाही. २०१८ पासून नियमित विमानं आली, २०२४ ला नवी इमारत झाली. माझं सांगणं एवढंच की मोठ्या विमानापेक्षा ती छोटी शिकाऊ विमानं येतात ती बघायला पोरं कुंपणाजवळ जमतात. एकदा एक मुलगी एकटीच उतरली, कुठनं तरी लांबनं आलेली, परत उडायच्या आधी तिनं कुंपणाकडं बघून हात केला. माझी लेक त्या दिवसापासून गणिताला बसते.

शिरोळहून, बारावी सायन्स :

मला दोन्ही आवडतं, एनडीएचा (सैन्याच्या अधिकाऱ्यांची प्रबोधिनी) फॉर्म भरू का सीपीएल (व्यावसायिक पायलटचं लायसन्स) करू? खर्चाचं घरी बोललो नाही अजून.

(माझं उत्तर) भावा, दोन्हीला फिजिक्स आणि मॅथ्स लागतं तेवढं सोडू नको. स्टुडंट लायसन्स सोळाव्या वर्षी मिळतं, सीपीएलला अठरा पूर्ण आणि २०० तास, त्यातले १०० तुझे एकट्याचे, शिवाय ३०० नॉटिकल मैलांचा एक क्रॉस-कंट्री, म्हणजे दुसऱ्या विमानतळांवर जाऊन येणारा लांबचा, सोलो. एक पैसा भरायच्या आधी मेडिकल करून घे, डोळे आणि कान नीट तपासून. खर्च मोठा आहे म्हणून एनडीएची परीक्षा आधी दे, तिथं ट्रेनिंग सरकार देतं. मुलींनाही २०२२ पासून तिथं प्रवेश आहे, उजळाईवाडीच्या काकांनी लेकीला सांगावं. घरी मात्र आजच बोल.

(गडहिंग्लजचे फिटर : पोरा, एनडीए नाही झालं तर टेक्निकल ट्रेडला पण फॉर्म भर. विमान तिथंबी हातात येतं. काय विचारायचं असंल तर इथं लिव, नातू रोज संध्याकाळी वाचून दाखवतोय.)