[मंडळ] दीड महिना नाशिकला, गाडी मिसिसागाला: बॅटरीचं काय करायचं?

प्रेषक: मंजिरी
मंगळवार, रात्री ११:१०

नमस्कार मंडळी,

१४ डिसेंबरला आम्ही इथून, कॅनडातल्या मिसिसागाहून, नाशिकला निघतोय, परत ३० जानेवारीला. गाडी ड्राइव्हवेवरच राहणार, कारण गराजमध्ये जुन्या घरातून आणलेली खोकी अजून तशीच आहेत (हसू नका).

गेल्या वर्षी पाच आठवडे गेलो होतो. रात्री दोनला पिअर्सन विमानतळाहून टॅक्सीने घरी आलो. सकाळी मुलीला शाळेत सोडायला निघाले, बटण दाबलं, तर डॅशबोर्डवरचे सगळे दिवे लुकलुकले आणि आतून नुसतं टकटकटक. बाहेर उणे १६. बॅटरी जेमतेम तीन वर्षांची होती, पण मदतीला आलेल्या माणसाने मीटर लावला आणि म्हणाला, गेली. नवी घेतली. यंदा पुन्हा तोच खर्च नको. कोणी काय करतं?

मंजिरी

प्रेषक: सचिन
मंगळवार, रात्री ११:४२

सोपं आहे. शेजाऱ्याकडे किल्ली दे. आठवड्यातून एकदा दहा मिनिटं सुरू करून बंद करायची. आम्ही दर वर्षी तेच करतो. आल्यावर शेजाऱ्याला काजूकतली.

प्रेषक: वसंतकाका
बुधवार, सकाळी ६:२०

मंजिरी, सचिन,

उपाय ऐकायला बरा वाटतो, पण हे म्हणजे उपाशी माणसाला चार जिने चढायला लावायचे आणि वर गेल्यावर चमचाभर भात वाढायचा. थंडीत इंजिन सुरू करताना स्टार्टर, म्हणजे इंजिनाला पहिला धक्का देणारी मोटर, बॅटरीतून शेकड्यांनी अँपिअर ओढतो. जागच्या जागी मंद चालणाऱ्या इंजिनावर अल्टरनेटर, म्हणजे बॅटरी भरणारा जनरेटर, ते हळूहळूच भरून काढतो, त्यात शेजारी आत बसला की हीटरचा पंखा, मागच्या काचेचा डीफॉगर आणि सीट गरम करायचं बटण, तिन्ही लावणार. दहा मिनिटांत इंजिन पुरतं तापतही नाही, मग जळलेल्या पेट्रोलची वाफ तेलात आणि सायलेन्सरमध्ये पाणी होऊन बसते. शेजारी गाडी अर्धा तास हायवेला फिरवून आणणार असेल तर जरूर किल्ली द्या. नाहीतर हातच लावू देऊ नका.

आता हिशोब बघा. माझी तीस वर्षं गाड्यांच्या वायरिंगमध्ये गेली, म्हणून तेवढं सहन करा. गाडी बंद असली तरी जागी असते. अलार्म, रिमोटची वाट बघत बसलेला रिसीव्हर, कॉम्प्युटर, सगळे थोडं थोडं खातात. धडधाकट गाडीतसुद्धा ५० मिलिअँपिअरपर्यंतची गळती चालते असं आम्ही धरायचो. म्हणजे दिवसाला १.२ अँपिअर-तास. तुमचे ४७ दिवस धरले तर ५६ अँपिअर-तास. साध्या सेदानच्या बॅटरीत मुळात असतात ५० ते ६०. संपला विषय! गळती निम्मी धरली तरी बॅटरी अर्ध्यावर येते, वर थंडीने तिचा जोर कमी झालेला आणि इंजिनातलं तेल घट्ट झालेलं.

आणखी एक. भरलेली बॅटरी आपल्याकडच्या थंडीत गोठत नाही. पण पुरती उतरलेलीत आम्ल जवळजवळ पाणीच होतं, आणि ते उणे ७-८ च्या आसपासच गोठायला लागतं. परत आल्यावर बॅटरीच्या बाजू फुगलेल्या दिसल्या तर जंपर केबल (दुसऱ्या गाडीच्या बॅटरीला जोडायची तार) अजिबात लावायची नाही. फुटू शकते.

म्हणून निघायच्या आदल्या दिवशी बॅटरी पूर्ण भरा आणि निगेटिव्हची तार काढून ठेवा. बहुतेक गाड्यांना १० नंबरचा पाना लागतो. आधी निगेटिव्हच, कारण पॉझिटिव्ह काढताना पाना बॉडीला टेकला की ठिणग्या उडतात. लावताना उलट, निगेटिव्ह शेवटी. घड्याळ आणि रेडिओची स्टेशनं पुसली जातील, काही गाड्यांत काचांचं ऑटोमॅटिकही पुन्हा शिकवावं लागतं. एवढ्याने काही बिघडत नाही.

मात्र तार काढली की रिमोटने दार उघडणार नाही. रिमोटच्या पोटात एक छोटी लोखंडी किल्ली असते. ती आत्ताच काढून दाराला लावून बघा, जानेवारीच्या रात्री दोन वाजता नको. बॅटरी डिकीत असेल तर हा उपाय करू नका, डिकी उघडायचीच पंचाईत होईल.

वसंतकाका

प्रेषक: शैलाकाकू
बुधवार, सकाळी ९:०५

भाकरी का करपली, घोडा का अडला, पान का सडलं? न फिरवल्यामुळे! आमच्या आईचं हे कोडं पहिल्यांदाच गाडीला लागू पडलेलं बघतेय. आणि सचिन, तुझं ते दहा मिनिटं सुरू करणं म्हणजे भाकरी तव्यावरून उचलून परत त्याच बाजूवर टाकणं आहे हो.

मी एवढंच सांगेन, गाडीत खायचं काही ठेवू नका. आम्ही मागे तीन आठवड्यांनी आलो तर एसीतून कुबट वास. केबिन फिल्टर उघडला तर आत उंदराचं घरटं, टिश्यूचे बारीक तुकडे आणि त्यात आमच्याच डब्यातली शेव. ह्यांनी नवा फिल्टर घातला, पण मला ती शेव अजून आठवते.

प्रेषक: निखिल
बुधवार, दुपारी १२:३०

शेजाऱ्याला किल्ली देणाऱ्यांसाठी, मी विम्याच्या कामात आहे म्हणून. तुमच्या परवानगीने दुसऱ्याने गाडी चालवली आणि ठोकली तर क्लेम तुमच्याच पॉलिसीवर येतो. काही जण गाडी उभी असताना अपघाताचं कव्हर थांबवून फक्त चोरी-आगीचं ठेवतात. तसं केलंत तर त्या काळात गाडी रस्त्यावर न्यायची नाही, शेजाऱ्यानेही नाही. हप्त्यावर घेतलेल्या गाडीला बहुधा कर्ज देणाराच हे करू देत नाही. आधी ब्रोकरला फोन करा.

जाता जाता: विंटर टायर लावले असतील आणि विमा कंपनीला कळवलं नसेल, तर पैसे सोडताय. ऑन्टॅरिओत २०१६ पासून कंपन्यांना त्यावर सवलत द्यावीच लागते.

प्रेषक: मंजिरी
गुरुवार, रात्री १०:१५

काका,

ती लोखंडी किल्ली सापडली! सात वर्षं गाडी वापरतेय, रिमोटच्या आत असं काही असतं हे मला माहीतच नव्हतं. ड्रायव्हरच्या दारावरचं भोक एका प्लॅस्टिकच्या टोपणाखाली लपलेलं होतं, तेही यूट्यूबवर बघून उघडलं.

मल्टीमीटर आणला. रात्रभर उभ्या गाडीत सकाळी बॅटरीवर १२.३ व्होल्ट आला. बॅटरीला वर्षही झालेलं नाही. खराब निघाली का?

प्रेषक: वसंतकाका
शुक्रवार, सकाळी ६:०५

बॅटरी खराब नसावी, अर्धपोटी आहे. भरलेली असती तर १२.६ किंवा थोडं वर दिसलं असतं. १२.३ म्हणजे साधारण साठेक टक्के. रोज किती चालवतेस? शाळा, दुकान, घर?

प्रेषक: मंजिरी
शुक्रवार, सकाळी ८:४०

शाळा चार मिनिटं. दुकान सहा. नवरा कामाला गो ट्रेनने (इथल्या लोकलने) जातो. हायवेला शेवटचं गणपतीत गेलो होतो, मंडळाच्या कार्यक्रमाला. 🙈

प्रेषक: वसंतकाका
शुक्रवार, सकाळी ८:५५

मग गेल्या वर्षीची बॅटरी कशाने गेली ते कळलं. नाशिकला जाण्याआधीच ती रोज थोडी थोडी उपाशी राहत होती, वर पाच आठवड्यांचा निर्जळी उपास घडला. अशी अर्धी भरलेली राहिली की प्लेटांवर सल्फेट जमतं आणि ते नंतर चार्ज करूनही पूर्ण निघत नाही.

बारा किलोमीटर हायवेला फिरवून हे भरून येणार नाही. चार्जर लाव, रात्रभर. गराजच्या दाराखालून बाहेर वापरायची एक्स्टेन्शन वायर घे. सकाळी चार्जर काढ, दोन-तीन तास जाऊ दे, मग मीटर बघ, आणि १२.६ दिसल्यावरच तार काढ.

टायरमध्ये हवा दाराच्या चौकटीवर लिहिलेल्या आकड्याइतकी, गाडी थंड असताना. तापमान पाच-सहा अंश उतरलं की हवेचा दाब एक पीएसआय (दाराच्या चौकटीवरच्या आकड्याचं एकक) उतरतो, त्यामुळे आत्ता कमी असेल तर जानेवारीत आणखी कमी. तुझा ड्राइव्हवे सपाट आहे ना? मग गिअर 'पी'मध्ये (पार्क) ठेव, चाकाखाली वीट लाव आणि हँडब्रेक ओढू नकोस, रस्त्यावर बर्फासाठी टाकलेल्या मिठाच्या पाण्याने ब्रेकचे पॅड डिस्कला चिकटतात. त्याआधी एकदा खालून धुऊन घे.

प्रेषक: मंजिरी
शुक्रवार, सकाळी ९:२०

सपाट आहे. कोणाकडे चार्जर आहे का? एका रात्रीसाठी विकत घ्यायला जिवावर येतंय.

प्रेषक: सचिन
शुक्रवार, सकाळी ९:२४

माझ्याकडे आहे. दोन वर्षांपूर्वी घेतला, खोक्यातून काढलेलाच नाही. उद्या नाटकाच्या तालमीला आणतो. बदल्यात नाशिकहून येताना चिवडा. आणि मी निघायच्या आत तो मला परत हवाय, आम्ही २० तारखेला जातोय.