अंडरफुल एचबॉक्स, बॅडनेस १०,०००: पान ठीक दिसतंय, पण लॉग इशाऱ्यांनी भरलाय

वहीपेन

आजीने आईला लिहिलेल्या पत्रांचं पुस्तक लाटेकमध्ये (आज्ञा लिहून पानं जुळवायची प्रणाली) लावतेय, तिच्या झीलाटेक या प्रकारावर. १८४ पानं झालीत. पत्रं आधी वर्डमध्ये टाइप केली होती, तिथून रूपांतर करून आणली. पीडीएफ तयार होते, पण लॉगमध्ये (प्रणाली लिहिते त्या कामाच्या नोंदीत) ३१२ इशारे येतात. बहुतेक असे, म्हणजे ओळ पुरती भरलेली नाही, आणि बॅडनेस हा ती किती बिघडली याचा आकडा:

अंडरफुल एचबॉक्स (बॅडनेस १००००), परिच्छेद, ओळी ८७ ते ८८

आणि फाइलीत तिथे हे आहे:

तुझं पत्र पोचलं, जीव भांड्यात पडला. \\
(रिकामी ओळ)
इकडे सगळं ठीक.

पानावर ओळ विस्कटलेली दिसत नाही. परिच्छेदांमध्ये थोडी जास्त जागा आहे, पण ती मला हवीच होती. चाळीसेक इशारे मात्र ओव्हरफुलचे, म्हणजे ओळ ठरल्या रुंदीबाहेर गेल्याचे आहेत, त्यातला एक '१४.२ पॉइंट जास्त रुंद'. तिथे शब्द खरंच समासात घुसलाय. कुणीतरी सुचवलं म्हणून सुरुवातीलाच स्लॉपी (ओळी सैल सोडू देणारी आज्ञा) टाकून पाहिलं. ओव्हरफुल गेले, पण काही ओळींत शब्दांमधल्या फटी इतक्या वाढल्या की वाचताना अडखळायला होतं. शिवाय एका पत्राशी 'देअर्स नो लाइन हिअर टू एन्ड' (इथे संपवायला ओळच नाही) म्हणून काम अडतं. पुस्तक घरातल्यांसाठीच आहे, तरी ते नीट व्हावं असं फार वाटतं. हे इशारे सोडून दिले तर चालेल का?

जुळारी

सोडू नका. तुमच्या ३१२ मधले पावणेतीनशे तरी एकाच चुकीचे असणार, आणि ती चूक पानावर आहे, फक्त अजून तुमच्या नजरेला आलेली नाही.

\\ म्हणजे 'ओळ इथे तोड'. परिच्छेद संपवायचं काम रिकामी ओळ करते. तुमच्या फाइलीत दोन्ही एकापाठोपाठ आलेत. \\ नंतर परिच्छेद चालूच असतो, टेक (लाटेकच्या मुळाशी असलेली प्रणाली) नवी ओळ उघडतो आणि तेवढ्यात परिच्छेद संपतो. एरवी परिच्छेद संपताना टेक शेवटी हवी तितकी ताणली जाणारी जागा घालतो, म्हणून शेवटची ओळ अर्ध्यावर थांबली तरी तक्रार येत नाही. पण ओळ तुटल्यावर तिच्या लगेच पुढे आलेली जागा टाकून द्यायची, हाही त्याचाच नियम, म्हणजे नवी ओळ मोकळ्या जागेने सुरू होत नाही. तुमच्याकडे नेमकी ती ताणणारी जागाच टाकून दिली जाते. मागे उरते एकही अक्षर नसलेली ओळ, आणि तिला पूर्ण रुंदी भरायची असते. बॅडनेसचं मोजमाप १०,०००वर थांबतं, त्यापुढे आकडाच नाही. म्हणून सगळीकडे तोच आकडा दिसतोय.

तुम्हाला हवीशी वाटणारी जागा म्हणजे हीच रिकामी ओळ. परिच्छेद पानाच्या तळाशी संपतो तिथे बघा. काही ठिकाणी ती पुढच्या पानाच्या डोक्यावर जाऊन बसलेली सापडेल आणि मजकूर एक ओळ खाली सरकलेला असेल. पारस्किप पॅकेजने (परिच्छेदांमध्ये जागा सोडणाऱ्या जोडणीने) दिलेली जागा पानाच्या सुरुवातीला आपोआप गळते, ही ओळ गळत नाही. तेव्हा रिकाम्या ओळीच्या आधीचे सगळे \\ काढा आणि जागेसाठी पारस्किप घ्या. सरसकट 'फाइंड-रिप्लेस' करू नका, पत्त्यांच्या आणि ओव्यांच्या मधल्या ओळींत \\ लागतोच. फक्त त्यातल्या शेवटच्या ओळीपुढे तो नको.

'नो लाइन' ची चूक त्याच घराण्यातली: रिकाम्या ओळीनंतर पुन्हा \\ आलाय. तेव्हा टेक दोन परिच्छेदांच्या मध्ये असतो, तोडायला ओळच नसते. तिथे व्हीस्पेस (उभी जागा सोडणारी आज्ञा) वापरा.

ओव्हरफुलचं दुखणं वेगळं. पॉलिग्लॉसियात (भाषा सांगायच्या पॅकेजात) मुख्य भाषा मराठी केलीये का? नुसता देवनागरी फॉन्ट लावून भागत नाही. शब्द कुठे तोडायचा याचे नमुने भाषेबरोबर येतात. भाषा सांगितली नसेल तर टेक इंग्रजीचे नमुने लावतो, आणि त्यात देवनागरी अक्षरच नाही. मग 'पाहुण्यारावळ्यांच्यासाठी' असा शब्द अख्खाच्या अख्खा समासात जातो.

स्लॉपी काढून टाका. त्याने टॉलरन्स (चालवून घ्यायच्या बॅडनेसची मर्यादा) २०० वरून थेट ९,९९९ होतो, म्हणजे जवळपास कुठलीही सैल ओळ टेकला मान्य होते, आणि तीही सगळ्या पुस्तकभर. त्यापेक्षा इमर्जन्सीस्ट्रेच १ एम (फॉन्टच्या आकाराइतकं माप) द्या. नेहमीच्या प्रयत्नांत परिच्छेद बसला नाही तरच टेक ही जास्तीची ताण हिशेबात धरतो, बाकीच्या परिच्छेदांना धक्का लागत नाही.

कोरा कागद

वरच्याशी सहमत. भर एवढीच: डॉक्युमेंटक्लासला (फाइलीच्या सुरुवातीच्या आज्ञेला) ड्राफ्ट पर्याय द्या, समासात गेलेल्या प्रत्येक ओळीपुढे काळी पट्टी येते. लॉग वाचण्यापेक्षा पानं चाळणं सोपं. एक पॉइंट म्हणजे साधारण ०.३५ मिलिमीटर. तुमचे १४.२ पॉइंट पाच मिलिमीटर झाले, ते दुरुस्त करायलाच हवेत. अर्ध्या पॉइंटच्या मागे लागू नका.

मायक्रोटाइप हे जुळणी बारीक सुधारणारं पॅकेजही सुचवलं जाईल. झीलाटेकवर त्यातलं विरामचिन्हं किंचित समासात सरकवण्याचं काम होतं, अक्षरं ताणण्याचं होत नाही. त्यासाठी लुआलाटेक हा लाटेकचा दुसरा प्रकार लागेल.

वहीपेन

केलं. भाषा सांगितलेलीच नव्हती, फक्त फॉन्ट लावला होता. ती सांगितली आणि पावणेतीनशे \\ एकेक बघून काढले, दोन संध्याकाळी गेल्या. ३१२ चे ७ झाले, पानं १८४ ची १७७. पान ४१ च्या डोक्यावर खरंच रिकामी ओळ होती. मी इतके दिवस ते पत्र तिथूनच सुरू होतं असं धरून चालले होते, ते आदल्या पानावरचंच पुढे चालू होतं.

उरलेल्या सातांत पाच अर्ध्या पॉइंटच्या आतले आहेत. दोन मात्र मोठे, आणि दोन्हीकडे आजीने शब्द जोडून लिहिलेत. एक 'तिकडच्यामाणसांना'. मध्ये जागा सोडली की इशारा जातो. सोडू का?

जुळारी

नको. तिने जोडून लिहिलंय तर तसंच राहू द्या. 'तिकडच्या' नंतर \- घाला. गरज पडली तर शब्द तिथे तुटेल, नाहीतर जोडलेला राहील. त्यानेही बसलं नाही तर तेवढाच परिच्छेद स्लॉपीपार (एका परिच्छेदापुरता स्लॉपी) मध्ये ठेवा.

वहीपेन

पहिला \- ने बसला. दुसरा स्लॉपीपारमध्ये ठेवलाय, ओळ जराशी सैल आहे, पण शब्द तिने लिहिला तसाच आहे.