मोटरसायकलला विंडशील्ड लावणे : खटपटी आणि खडखड

घाटपायथा
काल सिग्नलला एक जुनी बुलेट शेजारी येऊन थांबली. पुढे ती पूर्वीची भलीमोठी अक्रिलिकची काच, आणि प्रत्येक स्क्रूभोवती कोळ्याच्या जाळ्यासारख्या चिरा. काच म्हातारी झाली म्हणून चिरत नाही. चिरा भोकापासूनच निघतात, म्हणजे दुखणं बसवतानाचं असतं. दिवाळीनंतर कोकण-गोव्याचे बेत सुरू होतील, ‘कुठली काच घेऊ’ विचारणारेही सुरू होतील, म्हणून हा धागा. ज्यांनी काच लावली, कापली, काढून फेकली त्यांनी लिहा. विनंती एकच, प्रवासवर्णन नको. नटबोल्टाचं बोला.

सुरुवात भोकापासून. एम ५ (म्हणजे ५ मिमी जाडीच्या) स्क्रूला ५ मिमीचं भोक पाडू नका. काचेचं प्लास्टिक पॉलिकार्बोनेट असो की अक्रिलिक, उन्हात वाढतं. अर्ध्या मीटरची काच ४० अंशांच्या फरकाने सव्वा मिलिमीटरहून जास्त वाढते. मे महिन्यातल्या दुपारी उन्हात उभी गाडी आणि डिसेंबरातली पहाट यात एवढा फरक सहज पडतो. घट्ट भोकात त्या वाढीला जागा नसते, मग ताण भोकाच्या कडेवर येतो आणि तिथूनच चीर निघते. स्क्रूपेक्षा भोक एक-दीड मिमी मोठं ठेवा, दोन्ही बाजूंना नायलॉन वॉशर द्या. काच नटबोल्टात आवळायची नाही, रबरात टांगायची.

नटबोल्ट
+१. त्यात वेल नटची भर घालतो. वेल नट म्हणजे रबरी बुश, आत पितळी नट. एम ५ च्या वेल नटला साधारण १० मिमी भोक लागतं. स्क्रू फिरवला की रबर मागच्या बाजूला फुगून धरतं. फुगलं की थांबायचं. अ‍ॅलन कीची लांब बाजू स्क्रूत घाला आणि आखूड बाजू बोटांत धरून फिरवा, म्हणजे जोर आपोआप बेताचा लागतो. टी-हँडल घेऊन आवळलं की रबर फाटतं, मग पितळी नट आतल्या आत गरगरत बसतो आणि स्क्रू ना पुढे ना मागे. तसं झालंच तर काच हलकेच आपल्याकडे ओढून धरा, नटवर ताण येतो आणि स्क्रू सुटतो.

बुश भोकात जात नसेल तर साबणाचं पाणी लावा. ग्रीस नको, रबर फुगतं.

बंड्याभाऊ
वाचनखूण साठवली. फोडणी टाकता टाकता वाचतोय. एकच विचारतो, लॉकटाइट (आटे धरून ठेवणारा डिंक, थ्रेडलॉकर) लावू का? स्क्रू सारखे ढिले होतात.

नटबोल्ट
@बंड्याभाऊ अजिबात नको!! थ्रेडलॉकरचा ओघळ पॉलिकार्बोनेट, अक्रिलिक किंवा एबीएस प्लास्टिकला लागला की ताणाच्या जागी बारीक चिरा पडतात. वेल नटात रबरच स्क्रू धरून ठेवतं, वेगळं काही लागत नाही. धातूला धातू असेल तिथे, म्हणजे ब्रॅकेटला, नायलॉक नट (आत नायलॉनची कडी असलेला) घाला. आणि फोडणीकडे बघा.

ऑक्टेन ९१
काच घेण्याआधी व्हर्नियर (व्यास मोजायचं कॅलिपर) घ्या. दुकानदार ‘युनिव्हर्सल फिटिंग’ म्हणाला की समजायचं, त्याला तुमच्या गाडीचं माप माहीत नाही. हँडलचा साधा पाइप २२ मिमीचा, काही गाड्यांना २५.४, आणि मधे जाड असलेल्या टेपर हँडलला क्लॅम्पच्या जागी २८.६. फोर्कला (पुढचं चाक धरणाऱ्या दोन नळ्यांना) बसणारा सेट असेल तर फोर्कच्या नळीचा व्यास मोजा. जुन्या बुलेट-क्लासिकला ३५ मिमी, मिटिऑर आणि ६५० वाल्या इंटरसेप्टरला ४१.

क्लासिकवाल्यांनी हे नीट वाचा : तुमच्या फोर्कवर पत्र्याचं कव्हर असतं. त्या कव्हरवर क्लॅम्प आवळला तर पत्रा दबतो आणि क्लॅम्प कधीच धरत नाही. तिथे हँडलवरचाच सेट घ्या.

पाइप अर्धा मिमी बारीक पडत असेल तर सायकलच्या ट्यूबची पट्टी एक वेढा गुंडाळा. दोन वेढे मात्र नाही. दोन थर एकमेकांवर सरकतात, आणि खड्ड्यात काच पुढे झुकते.

मधुरा_ग
माहितीपूर्ण धागा! क्रम लिहायचा राहिलाय, तो टाकते. क्रम चुकला की सगळं दोनदा करावं लागतं.

आधी सगळे क्लॅम्प आणि दांड्या नुसत्या अडकवून ठेवायच्या, एकही बोल्ट पूर्ण आवळायचा नाही. क्लॅम्प हँडलच्या सरळ भागावर, वळणावर धरत नाही. मग काच मधोमध आणायची. डोळ्याने नको, टेपने : हँडलच्या टोकापासून काचेच्या कडेपर्यंत दोन्हीकडचं अंतर मोजा. बाजूने पाहिलं तर काचेचा कल साधारण फोर्कच्या कलाइतका हवा. त्यानंतर हँडल डावीकडे-उजवीकडे पार शेवटपर्यंत वळवून बघा. दांडी टाकीला लागते का, क्लच केबल चिमटते का, ब्रेकचा पाइप ताणतो का. हे सगळं जमलं की आधी क्लॅम्प आवळा, मग दांड्या, आणि काचेचे स्क्रू सगळ्यात शेवटी, समोरासमोरचे जोडीने. उलट केलंत तर वाकडी बसलेली दांडी काचेला कायमचा पीळ देत राहते.

अजून एक. मोकळ्या जागेत न्यूट्रलमध्ये इंजिन चालू करून हँडल दोन्हीकडे वळवा. वळवताना आरपीएम आपोआप वाढला तर अ‍ॅक्सिलरेटरची केबल कुठेतरी ओढली जातेय. हे न बघता गाडी बाहेर काढू नये. यू-टर्नला गाडी उसळते.

घाटपायथा
@मधुरा_ग शेवटचा मुद्दा ठळक अक्षरांत हवा होता. शंभरेक किलोमीटर झाले की सगळे क्लॅम्प परत तपासायचे, हेही जोडतो. रबर बसतं आणि बोल्ट ढिले वाटतात.

सोकॉल्ड_मेकॅनिक
सगळे फिटिंगचं बोलताय. उंचीचं कोणीच बोलत नाही, आणि लोक काच विकायला काढतात ती त्यापायीच.

काचेतून बघायचं नसतं, काचेवरून बघायचं असतं. सीटवर नेहमीसारखं बसा, हेल्मेट घाला, समोर रस्त्याकडे बघा. काचेची वरची कड नजरेच्या रेषेखाली दोनेक इंच हवी, म्हणजे साधारण नाकाच्या आसपास. बाइकच्या काचेला वायपर नसतो. ताम्हिणीत पावसात शिरलात की बाहेरून पाणी, आतून धुकं, समोरून ट्रकचे दिवे. तेव्हा काचेवरून दिसलं नाही तर काहीच दिसत नाही.

आता डोकं गदगदण्याचा प्रकार. काच लावली आणि आवाज, धक्के वाढले, अशी तक्रार कायमची. वारा वरच्या कडेवरून सुटतो तेव्हा त्याचे भोवरे होतात, ते हेल्मेटवर आदळतात. शोधायची रीत सोपी आहे. मोकळा सरळ रस्ता, ताशी ६०-७०, फूटरेस्टवर किंचित उठा. शांत झालं? म्हणजे वर स्वच्छ वारा आहे, काच थोडी खाली घ्या किंवा मागे कलती करा. उठून नाही, वाकल्यावर शांत झालं? मग काच वर हवी, किंवा कडेला चिमट्याचा छोटा डिफ्लेक्टर (वारा वळवणारी पट्टी) लावा. एका वेळी एकच बदल करा, नाहीतर कशाने फरक पडला ते कळत नाही.

खालची फटही बघा. काच हेडलाइटला चिकटवून बसवली की मागे हवा विरळ होते, ती भरायला वारा बाजूने आत घुसतो आणि पाठीमागून पुढे ढकलल्यासारखं होतं. दोन-तीन सेंटिमीटर फट सोडली की बरंच निवतं.

टपरीवरचा चहा
सहमत. उंच काच म्हणजे चांगली काच हा गैरसमज दुकानदारांनी पोसलाय. महाग तीच उंच, हे वेगळं सांगायला नको.

बंड्याभाऊ
फोडणी करपली. असो. अ‍ॅक्टिवाला पण हेच सगळं लागू का?

मधुरा_ग
@बंड्याभाऊ नजरेची रेषा आणि मोठी भोकं, दोन्ही लागू. पण स्कूटरला बहुतेक सेट आरशाच्या दांड्यांच्या बोल्टात अडकतात. आरसे घट्ट करताना काच फिरते, म्हणून आरसे आधी, काच नंतर. काही गाड्यांच्या उजव्या आरशाला उलटे आटे असतात. जोर लावण्याआधी आटे बघून घ्या.

खारा वारा
रत्नागिरीकडून दोन ओळी. खाऱ्या हवेत स्टेनलेसचा बोल्ट आणि अ‍ॅल्युमिनियमचा क्लॅम्प यांचं जमत नाही, अ‍ॅल्युमिनियम पांढरं होऊन पिठूळ होतं आणि बोल्ट जाम बसतो. बसवतानाच आट्यांना किंचित ग्रीस लावा (धातूच्या क्लॅम्पला म्हणतोय, वेल नटला नव्हे!). लोखंडी दांड्यांचा पावडर कोटिंग सगळ्यात आधी भोकाच्या कडेला उडतो, तिथे नवी असतानाच रंगाचं बोट फिरवा.

तांबड्या धुळीचं : कोरड्या फडक्याने कधीच पुसू नका. जांभ्याची धूळ म्हणजे सँडपेपरच. आधी पाणी ओता, मग शाम्पूचं पाणी आणि मऊ मायक्रोफायबर. वाळलेले किडे असतील तर ओलं फडकं पाच मिनिटं काचेवर ठेवून द्या, आपसूक सुटतात.

ऑक्टेन ९१
स्वच्छतेवरून, पेट्रोल, थिनर आणि अमोनियावाला काच क्लीनर पूर्ण बाद. पॉलिकार्बोनेट धुरकट होतं, ते परत येत नाही. टाकी भरताना थेंब उडाले तर लगेच पाण्याने धुवा. घरच्या खिडकीसाठी किंवा कारच्या काचेसाठी मिळणारं पाणी घसरवणारं लिक्विडही प्लास्टिकवर चालतंच असं नाही. डबीवर प्लास्टिकचा उल्लेख असेल तरच. डॅशबोर्ड पॉलिश लावणाऱ्यांना रात्री समोरच्या दिव्यांची फाकलेली इंद्रधनुष्यं मोफत.

टपरीवरचा चहा
आणि टूथपेस्टने ओरखडे काढायचा व्हिडिओ?

ऑक्टेन ९१
@टपरीवरचा चहा कोटिंग नसलेल्या अक्रिलिकवर बारीक ओरखडे फिकट होतात, खरं आहे. हार्ड कोट असलेल्या पॉलिकार्बोनेटवर मात्र कोटिंगच निघतं आणि मधोमध कायमचा ढग. आधी काच कशाची ते ओळखा. नखाने टिचकी मारा : अक्रिलिक टणक वाजतं, पॉलिकार्बोनेट बद्द. कापलेला तुकडा वाकवला तर अक्रिलिक कडकन मोडतं, पॉलिकार्बोनेट वाकतं. पडल्यावरही हाच फरक. अक्रिलिकचे धारदार तुकडे होतात, म्हणून छातीसमोर लावायला पॉलिकार्बोनेटच बरं, ओरखडे पडले तरी चालतील.

नटबोल्ट
काच कापायची असेल त्यांच्यासाठी. कंपनीने लावलेली प्लास्टिकची पातळ फिल्म काम होईपर्यंत काढू नका, ओरखडे वाचतात. पण काम झालं की त्याच दिवशी काढा. फिल्मसकट उन्हात राहिली तर ती भाजून चिकटते आणि चिंधी चिंधी सोलत बसावं लागतं.

कापायच्या रेघेवर दोन्हीकडून मास्किंग टेप. जिगसॉला बारीक दातांचं पातं, वेग कमी. जोरात चालवलं तर अक्रिलिक वितळतं आणि पात्यामागे परत जुळतं. कड ३२० च्या, मग ६०० च्या पॉलिश पेपरने पाण्यात घासा. धार ठेवली तर वाऱ्यात शिटी वाजते आणि चीरही तिथूनच सुरू होते. शिटी तरीही राहिली तर कारच्या दरवाजाची यू-आकाराची रबर बीडिंग कडेला चढवा.

भोकाला स्टेप ड्रिल (पायऱ्यापायऱ्यांचं बिट) वापरा, मागे लाकडाचा ठोकळा दाबून धरा. लोखंडाचं साधं बिट शेवटच्या क्षणी आत खेचलं जातं आणि तुकडा उडतो. भोक काचेच्या कडेपासून निदान त्याच्या व्यासाच्या दुप्पट आत हवं. चीर पडलेलीच असेल तर तिच्या टोकाला ३ मिमीचं भोक पाडलं की पुढे जात नाही. तात्पुरतं.

स्टुटगार्टकर
इथे जर्मनीत बाहेरच्या काचेबरोबर एबीईचा (सरकारी मंजुरीचा) कागद येतो, आपलं मॉडेल त्यात आहे का ते बघायचं. तसा कागद नसेल तर गाडी तपासणीला नेऊन नोंद करून घ्यावी लागते. भारतात काय?

सोकॉल्ड_मेकॅनिक
@स्टुटगार्टकर तसला कागद इथे मिळत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये आरसीतल्या तपशिलाशी जुळणार नाही असा बदल करायला मनाई आहे. व्यवहारात जपायचं ते एवढं : काच पारदर्शक घ्या, काळी किंवा रंगीत नको. हेडलाइट, इंडिकेटर, नंबरप्लेट झाकली जाता कामा नये. काही सेटचे ब्रॅकेट पुढच्या नंबरप्लेटच्या बोल्टात बसतात. एचएसआरपी (सुरक्षा नंबरप्लेट) स्नॅप लॉकने बसवलेली असते, ती काढली की लॉक तुटतं. असले सेट घेऊच नका. आणि हेडलाइटच्या वायरीत टॅप मारून काचेवर फॉग लाइट लावायला कोणी सांगत असेल तर त्याला नमस्कार करा आणि पुढे व्हा.

खारा वारा
स्टुटगार्टकर, तिकडे दिवाळीचा फराळ मिळतो का हो? चकलीचा सोऱ्या पाठवू?

स्टुटगार्टकर
@खारा वारा सोऱ्या आहे. भाजणी पाठवा.

मधुरा_ग
फराळाआधी एक : हँडलवर मोठी काच आणि मागे भरलेला टॉप बॉक्स, हे दोन्ही एकत्र असेल तर वेगात हँडल डुलायला लागू शकतं. वारा काचेतून थेट स्टिअरिंगवर येतो आणि मागच्या वजनाने पुढचं चाक हलकं झालेलं असतं. जुन्या हायवेवर कंटेनर बाजूने गेला की पहिल्यांदा जाणवतं. हँडल घट्ट धरून दाबू नका, अ‍ॅक्सिलरेटर हळूहळू कमी करा. सामान शक्य तितकं खाली आणि पुढे आणा, टायरमधली हवा तपासा. फ्रेमला बसणाऱ्या काचेत हा त्रास बराच कमी असतो, कारण ती हँडलबरोबर वळत नाही.

घाटपायथा
अजून एक सुटलं होतं. खोल वळणाची काच आतून अंतर्गोल आरशासारखी वागते. मागून तिरपं ऊन आलं की किरण गोळा होऊन मीटरच्या प्लास्टिकवर पडतात, डाग पडतो किंवा ते मऊ होतं. उन्हात लावताना गाडीचं तोंड सूर्याकडे ठेवा, किंवा मीटरवर फडकं टाका.

बंड्याभाऊ
@घाटपायथा हे माहीत नव्हतं. टूलकिटमध्ये काय टाकू तेवढं सांगा, म्हणजे निघतो. कुकर लावलाय.

नटबोल्ट
@बंड्याभाऊ चपट्या गोल डोक्याचा एम ५ असेल तर ३ मिमी अ‍ॅलन की, एम ६ असेल तर ४. उंच डोक्याचा एम ६ असेल तर ५. दोन जास्तीचे वेल नट, चार नायलॉन वॉशर, एम ५ चे १६ आणि २० मिमी लांबीचे दोन-दोन स्क्रू. आणि कंपनीचा मूळ छोटा वायझर स्क्रूंसकट डब्यात जपून ठेवा, गाडी विकताना लागतो.