मुंबईत माणसं टिकवायची तर आधी वेळ सैल करा की पगारपत्रक सरळ करा?

कल्याण_फास्ट:
माणसं दीड-दोन वर्षांत सोडून जातात म्हणून कंपन्या कॅन्टीन रंगवतात, बीन बॅग आणतात. मुंबईत नोकरी निवडणारा आधी बघतो ते ऑफिस कुठे आहे आणि किती वाजता पोचायचंय. डोंबिवली-विरारहून बीकेसीला (वांद्रे-कुर्ला संकुलात) येणाऱ्याचे रोज तीनेक तास प्रवासात जातात. म्हणून माझं ठाम मत, पगारात दोन हजार घालण्याआधी यायची वेळ सैल करा.

नुसतं 'फ्लेक्सी टायमिंग' जाहीर करून भागत नाही. सकाळी ८ ते ११ कधीही या, ११.३० ते ४ सगळे जागेवर हवेत आणि तास मोजायचे ते आठवड्याचे, जेवणाची सुट्टी धरून ४५. पंचिंगच्या सॉफ्टवेअरमधला 'तीन लेट मार्क, अर्धा दिवस कट' हा नियम काढा. तो राहिला तर बाकी सगळं कागदावरच. योजना फसते ती संध्याकाळी. आठला आलेला साडेपाचला बॅग उचलतो आणि साहेब म्हणतात, 'जाता जाता एवढं बघ.' महिन्याभरात तो आठला यायचं सोडतो. त्यामुळे मीटिंगा ११.३० ते ४ मध्येच.

पावसाळ्यात साडेचार मीटरवरच्या भरतीचे दिवस महापालिका आधीच जाहीर करते. ते कॅलेंडरवर टाका. त्या दिवशी मुसळधार पावसाचा इशारा असला तर 'घरून काम करा' हा मेसेज आदल्या संध्याकाळी सहाच्या आत जायला हवा. सकाळी साडेनऊला पाठवला तर माणूस कुर्ल्याला अडकलेला असतो.

हिशेबनीस:
साफ असहमत. वेळेच्या सवलतीने माणूस येईल, पण पहिल्याच पगाराला त्याचा विश्वास उडाला तर थांबणार नाही. एक पत्रक उघडून बघू.

ऑफर लेटरमध्ये सीटीसी, म्हणजे कंपनीला माणसामागे पडणारा एकूण खर्च, महिना ३०,०००, त्यात बेसिक (मूळ पगार) १५,०००. त्यातून मालकाच्या वाट्याचा पीएफ १,८००, ग्रॅच्युइटीची (नोकरी सोडताना मिळणाऱ्या एकरकमी रकमेची) तरतूद ७२१ आणि विमा समजा ५०० गेला. राहिले २६,९७९. मग कर्मचाऱ्याचा स्वतःचा पीएफ १,८०० आणि व्यवसाय कर २००. हातात २४,९७९. फेब्रुवारीत व्यवसाय कर ३००, म्हणजे आणखी शंभर कमी. समोरच्याने पगार तीस हजार धरून खोलीचं भाडं ठरवलेलं असतं. शिवाय ग्रॅच्युइटी कायम नोकरीत साधारण पाच वर्षं झाल्यावरच मिळते. दोन वर्षांत जाणाऱ्याला ते ७२१ दिसतही नाहीत.

उपाय फुकटचा आहे. ऑफर लेटरची पहिली ओळ 'हातात किती' हीच ठेवा. पगाराची तारीख एकच, आणि त्या दिवशी सुट्टी असेल तर आदल्या दिवशी जमा. सोडून जाणाऱ्याचा हिशेब ४५ दिवस लटकवू नका. २०१९ च्या वेतन संहितेत राहिलेल्या वेतनासाठी दोन कामकाजाचे दिवस दिलेत. गेलेला माणूस बाहेर तुमच्याबद्दल काय सांगतो, ते याच पैशांवर ठरतं.

तीन_पाळ्या:
दोघेही लॅपटॉपवाल्यांचंच बोलताय. भिवंडीचं गोदाम, दादरचं दुकान, पॅथॉलॉजी लॅब इथे वेळ सैल होत नाही. तिथे रोस्टर, म्हणजे कोणाची पाळी कधी याचा तक्ता, हाच पगाराइतका महत्त्वाचा. तो १५ दिवस आधी भिंतीवर लागला पाहिजे. साप्ताहिक सुट्टी बदलायची तर आधी त्या माणसाला विचारा, नाहीतर गावचं तिकीट, घरचं लग्न सगळं टांगणीला लागतं. रात्रपाळी संपल्यावर पुढच्या पाळीआधी पूर्ण २४ तास द्या. पाळीची अदलाबदल दोघांनी आपसात ठरवून रजिस्टरवर सह्या केल्या की झाली. मॅनेजरची परवानगी लागली की तिथे वशिलेबाजी शिरते.

सगळ्यात जास्त चीड येते ती ओव्हरटाइमची. कायद्याने दर दुप्पट आहे. मालक पैशांऐवजी 'कॉम्प ऑफ' (बदली सुट्टी) लिहितो आणि सुट्टी मागितली की 'सध्या गर्दी आहे'. कॉम्प ऑफ ३० दिवसांत मिळाला नाही तर तो आपोआप पैशांत बदलेल, असं पेरोलमध्येच बसवून घ्या. आणि काउंटरमागे उंच स्टूल ठेवा. गिऱ्हाईक नसतानाही नऊ तास उभं राहायला लावणं हा निव्वळ छळ आहे.

कल्याण_फास्ट:
रोस्टरचं मान्य. पण हिशेबनीस, पत्रक कितीही सरळ असलं तरी लहान मूल असलेली बाई वेळेपायीच सोडते. ५० किंवा जास्त कर्मचारी असले की पाळणाघर बंधनकारक, म्हणून नरिमन पॉइंटला छान खोली सजवतात आणि ती रिकामी राहते. दोन वर्षांचं मूल कडेवर घेऊन सकाळच्या फास्ट लोकलमध्ये चढणार कशी? कायद्यापुरतं पाळणाघर ठेवाच, पण घराजवळच्या पाळणाघराची फी पावतीवर द्या. २६ आठवड्यांच्या रजेनंतर परत येणारीला पहिले तीन महिने दुपारी चारनंतर घरून काम करू द्या.

हिशेबनीस:
फीचा मुद्दा पटला. फक्त ती सीटीसीच्या आत घालू नका. आत घातली की त्याच बाईचा विशेष भत्ता तेवढ्याने कापला जातो आणि तिच्या हातात एक रुपयाही जास्त पडत नाही. वेगळ्या खर्चाच्या खात्यातून द्या. आणि हीच रक्कम वडिलांनी मागितली तर त्यांनाही द्या, नाहीतर बाईला घेणं महाग पडतं, असं मुलाखतीतच ठरायला लागेल.